इंजिन बदलल्यावर चेंबर घासतो, गळतो किंवा ऑइलचा दिवा लुकलुकतो: चेंबर कसा निवडायचा

अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, काँटेसा किंवा जुनी जीप असो, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं की तीनपैकी एक तक्रार ठरलेली. स्पीडब्रेकरवर चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, घासतो. किंवा ब्रेक दाबला, घाटात वळण घेतलं की ऑइलचा दिवा क्षणभर पेटून विझतो. किंवा पॅकिंग कितीदा बदललं तरी पार्किंगमध्ये थेंब पडतच राहतात. गॅरेजात तिन्हींवर वेगवेगळे इलाज होतात: पाट्यांची उंची वाढव, ऑइल पंप नवा टाक, सिलिकॉनचा आणखी एक थर दे. महिनाभराने तक्रार परत येते, कारण मुळात चेंबर इंजिनाबरोबर आला तसाच ठेवलेला असतो आणि तो ज्या गाडीसाठी घडवला होता ती गाडी वेगळी असते.

चेंबरचा खोल भाग, म्हणजे जिथे ऑइल साठतं तो हौद, पुढे आहे की मागे, हे इंजिनावरून ठरत नाही. क्रॉसमेंबर (चेसिसची आडवी तुळई), स्टिअरिंगची लिंक आणि पुढचा अ‍ॅक्सल कुठे आहे त्यावरून ठरतं. म्हणून एकाच इंजिनाला कंपनी दोन गाड्यांसाठी दोन चेंबर देते. सुझुकीचं १२९८ सीसीचं जी१३ इंजिन एस्टीममध्ये आडवं आहे, जिप्सी किंगमध्ये उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि खाली पुढचा अ‍ॅक्सलही आहे. हिंदुस्तान मोटर्सने इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन काँटेसालाही दिलं आणि अ‍ॅम्बेसेडरलाही. जुनं इंजिन विकत घेताना ते कुठल्या गाडीतून निघालं हा पहिला प्रश्न विचारायचा तो यासाठी.

दुसरी गोष्ट, चेंबर एकटा कधीच बदलत नाही. चेंबर, स्ट्रेनरची (पंप जिच्यातून ऑइल खेचतो त्या जाळीची) नळी, डिपस्टिक आणि तिची नळी, असल्यास क्रँकखालची विंडेज ट्रे (क्रँक आणि ऑइल यांच्या मधला पत्रा), हे सगळं एक जुडगं आहे. निम्म्या तक्रारी यातला एक भाग जुना ठेवल्याने होतात.

आधी निदान, मग खरेदी

दिवा कधी लागतो ते नीट बघा. गरम इंजिन, आयडलिंग, गाडी सपाटीवर उभी, आणि तरी दिवा लुकलुकतो: हा बहुतेक वेळा चेंबरचा दोष नाही. बेअरिंग झिजली आहेत, पंप थकला आहे किंवा ऑइल फार पातळ आहे. उलट ब्रेक मारला, वळण घेतलं किंवा चढ लागला की एक-दोन सेकंद दिवा लागतो आणि सरळ सपाट रस्त्यावर सगळं ठीक असतं, तेव्हा स्ट्रेनर ऑइलऐवजी हवा ओढतोय.

दिव्यावर भिस्त ठेवू नका. प्रेशर स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला चालू-बंद होतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं. स्विच काढून त्याच भोकात यांत्रिक गेज लावा आणि शेजारी बसलेल्याला काटा बघायला सांगा. गरम इंजिनावर दर हजार आरपीएमला सुमारे १० पीएसआय हा कामचलाऊ निकष आहे. रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगाने जाऊन जोरात ब्रेक मारा. काटा पडून पुन्हा उठला तर निदान पक्कं.

अजून खात्री हवी असेल तर अर्धा लिटर ऑइल जास्त टाकून तीच चाचणी परत करा. काटा पडायचा थांबला तर भानगड चेंबर-स्ट्रेनरच्या जागेची किंवा स्ट्रेनरच्या नळीच्या जोडाची आहे. काहीच फरक नाही पडला तर पंप आणि बेअरिंगकडे वळा. चाचणी झाली की ते अर्धा लिटर काढून टाका. कायमचा उपाय म्हणून जास्त ऑइल भरून चालवणारे खूप आहेत. क्रँकचे वजनी भाग त्या ऑइलात बुडून ते घुसळतात, फेस होतो आणि फेसाने प्रेशर आणखी पडतं.

इंजिन बदलल्यापासून सगळं ठीक होतं आणि एक दिवस अचानक प्रेशर कमी झालं, गळती मात्र नाही, तर गाडीखाली वाका. पत्र्याचा चेंबर दगडावर आपटला तर फुटत नाही, आत दबतो. स्ट्रेनर आणि तळ यांत मुळात अंतर जेमतेम ६ ते १० मिमी असतं. तेवढाच पोचा स्ट्रेनरचं तोंड बंद करायला पुरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव चेंबरचं उलटं आहे: तो दबत नाही, थेट तडकतो आणि ऑइल रस्त्यावर सांडतं. सांडलेलं निदान दिसतं तरी.

पुढचा हौद की मागचा

ब्रेक मारला की ऑइल पुढे धावतं, चढावर आणि गाडी उचलताना मागे. त्यामुळे मागे हौद असलेल्या चेंबरची परीक्षा ब्रेकमध्ये होते, पुढे हौद असलेल्याची दिवेघाटासारख्या चढावर. घाट उतरताना ब्रेक लावला तर उतार आणि ब्रेक दोन्हींची बेरीज होते, म्हणून मागच्या हौदाची गाडी बोरघाट उतरताना दिवा दाखवते आणि चढताना गुमान चालते.

हे आकड्यांत बघितलेलं बरं, कारण ‘चेंबर ३ सेंटिमीटर कापला तर काय होतंय’ हे वाक्य गॅरेजात फार सहज बोललं जातं. समजा हौद आतून २५ सेमी लांब, २२ सेमी रुंद आहे आणि ऑइलची खोली १० सेमी. म्हणजे हौदात ५.५ लिटर. इंजिन चालू असताना यातलं दीडेक लिटर वर हेडमध्ये, फिल्टरमध्ये आणि भिंतींवरून ओघळत असतं. खोली जवळपास २.७ सेमीने उतरते. आता बऱ्यापैकी ब्रेक मारला, ०.३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश. ऑइलचा पृष्ठभाग दर सेंटिमीटरला ३ मिमी कलतो, म्हणजे हौदाच्या मागच्या भिंतीशी पातळी आणखी पावणेचार सेमीने खाली. मूळ १० सेमीतून साडेतीन सेमी उरलं. स्ट्रेनर तळापासून १ सेमीवर असेल तर तो अजून ऑइलात आहे.

आता तोच चेंबर ३ सेमी कापा. १.६५ लिटर ऑइल गेलं, खोली ७ सेमी. तेच ब्रेक, तोच हिशोब: ७ वजा २.७ वजा ३.७५. मागच्या भिंतीशी जेमतेम अर्धा सेंटिमीटर. स्ट्रेनर हवेत. हे पुढच्या उथळ भागात पळून गेलेलं ऑइल न धरता.

मोजमाप: इंजिन टांगून, चाकं जमिनीवर ठेवून

मोकळा ब्लॉक, बेलहाऊसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं कवच) आणि गिअरबॉक्स एकत्र जोडून गाडीत तात्पुरतं बसवा. चेंबर लावू नका. गाडी स्टँडवर टांगलेली असताना घेतलेली मापं निरुपयोगी असतात, कारण सस्पेन्शन लोंबकळतं आणि स्टिअरिंगच्या लिंक खाली जातात. टायर आहेत तेच, वजन चाकांवर, आणि शक्य असेल तर मागे दोन माणसं बसवून.

इंजिन मागच्या बाजूला ३ ते ४ अंश उतरतं असतं. स्पिरिट लेव्हल ब्लॉकच्या खालच्या कडेवर, म्हणजे जिथे चेंबर बसतो त्या फ्लॅन्जवर, धरून हा कोन लिहून ठेवा. ४ अंशांत २५ सेमी लांबीला पावणेदोन सेमीचा फरक पडतो, आणि तो पुढे डिपस्टिकला लागणार आहे. आडव्या बसणाऱ्या इंजिनाला उभं करताना आणखी एक पेच असतो. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत इंजिन मूळचंच एका बाजूला कललेलं असतं आणि चेंबरचा तळ त्या कलानुसार घडवलेला. उभं बसवताना तुम्ही ते सरळ केलंत तर तळ तिरका होतो आणि स्ट्रेनर उंच कोपऱ्यात अडकतो.

मग ब्लॉकच्या मागच्या तोंडापासून मापं घ्या: क्रॉसमेंबरची मागची कड किती अंतरावर, पुढची कड किती, त्याचा माथा चेंबर फ्लॅन्जपासून किती खाली, स्टिअरिंगची लिंक कुठून जाते. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. सरळ चाकांवर मोकळी दिसणारी लिंक पूर्ण वळणावर चेंबरला चाटते.

स्थिर भागांपासून, म्हणजे क्रॉसमेंबरपासून, किमान १५ मिमी मोकळीक हवी, २० असेल तर उत्तम. माउंटिंगच्या रबरावर इंजिन गदगदतं, डिझेल जास्तच, आणि रबर जुनं झालं की बसतं. हलणाऱ्या लिंकपासून २० मिमी ठेवा.

जीपची गोष्ट वेगळी. विलीस आणि महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये पुढचा अ‍ॅक्सल अखंड आहे, त्याचा डिफरन्शियल मधोमध नसून एका बाजूला आहे आणि तो खड्ड्यात वर उसळतो. अ‍ॅक्सलपासून बंप रबरापर्यंतचं अंतर मोजा, मग डिफरन्शियलपासून जिथे चेंबर येणार त्या जागेपर्यंतचं. दुसरं अंतर पहिल्यापेक्षा किमान २० मिमीने जास्त पाहिजे, कारण रबरही दबतं. आकुर्डीत बनलेलं, मर्सिडीजच्या परवान्याचं ओएम ६१६ इंजिन जीपमध्ये घालण्याची हौस आपल्या भागात जुनी आहे. ते जड आणि उंच डिझेल आहे, आणि हे एक माप चुकलं की डिफरन्शियल चेंबरवर घण घालतो.

खालून किती? चेंबरचा तळ क्रॉसमेंबरच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा २५ मिमी वर असावा. मग जे काही आपटायचं ते क्रॉसमेंबर सोसेल. भरलेल्या गाडीत चेंबर जमिनीपासून १५० मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे स्पीडब्रेकर १० सेमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. सोसायटीच्या गेटसमोर रातोरात घातलेल्या डांबराच्या उंचवट्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून जास्तीचे ५ सेमी.

पर्याय, पसंतीच्या क्रमाने

पहिला, त्याच इंजिनाचा दुसऱ्या मॉडेलसाठी कंपनीनेच बनवलेला चेंबर, त्याच्या स्ट्रेनर आणि डिपस्टिकसकट. पद्मिनीत जी१३ घालणाऱ्याने एस्टीमचा चेंबर कापायच्या आधी जिप्सीचा शेजारी ठेवून बघावा. पुण्यात नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात शोधायला जाताना ‘अमुक गाडीचा चेंबर द्या’ एवढ्यावर विसंबू नका. आपल्या ब्लॉकवर पुठ्ठा ठेवून बोल्टची भोकं ठोकून घ्या आणि तो पुठ्ठा बरोबर न्या. सोबत फूटभर पोलादी पट्टी न्या, फ्लॅन्जवर उभी धरून उजेड दिसतो का बघायला.

दुसरा, तयार स्वॅप चेंबर. अमेरिकेत जीएमच्या एलएस इंजिनासाठी जुन्या गाड्यांनुसार असे चेंबर दुकानात मिळतात. आपल्याकडच्या जोड्यांसाठी असं काही मिळायची आशा धरू नका.

तिसरा, मूळ चेंबर कापून नव्याने जोडणं. पुण्यात बहुतेक जण इथेच येऊन पोचतात, आणि भोसरीत टिग वेल्डिंगने नीट काम करणारे असल्याने ते वाईटही नाही.

क्रॉसमेंबर कापून चेंबर बसवणं हा पर्याय यादीत नाही. पुढच्या सस्पेन्शनचा भार त्यावरून जातो. ज्याला तो कापायचाच आहे त्याने तो ठरवून, डिझाइन करून, पेटी बांधून मजबूत करावा. ‘जरासा खाचा’ म्हणून ग्राइंडर लावू नये.

ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर असेल तर तो कापायच्या आधी बघा की बेलहाऊसिंगचे खालचे बोल्ट त्यात जातात का. जात असतील तर तो इंजिन-गिअरबॉक्सच्या ढाच्याचाच भाग आहे. त्याजागी पातळ पत्र्याचा चेंबर टाकला तर तो आधार जातो. असा चेंबर बसवताना त्याचं मागचं तोंड ब्लॉकच्या मागच्या तोंडाशी पट्टी धरून एका पातळीत आणायचं, मगच बोल्ट आवळायचे. पुढे-मागे राहिला तर बेलहाऊसिंग आवळताना कान तुटतो.

कापून जोडताना

जेवढी खोली कमी कराल तेवढं ऑइल बाजूला मिळवा. वरच्या उदाहरणात १.६५ लिटर गेलं होतं. दोन्ही बाजूंना २० सेमी लांब, ६ सेमी बाहेर आणि ७ सेमी उंच असे कप्पे काढले तर प्रत्येकी ८४० सीसी, दोन्ही मिळून १.६८ लिटर. एक्झॉस्टचा पाइप आणि स्टार्टर मोटर मध्ये येतात का ते आधी बघा.

नुसते कप्पे काढून मात्र भागत नाही. वळणावर सगळं ऑइल बाहेरच्या कप्प्यात जाऊन बसेल. हौद आणि कप्पा यांच्यामध्ये उभी पट्टी हवी आणि तिला आतल्या बाजूला, स्ट्रेनरकडेच, उघडणारं बिजागरीचं झाकण. ऑइल आत येऊ शकतं, परत बाहेर धावू लागलं की झाकण मिटतं. हौदाच्या वरच्या तोंडावर आडवी पट्टीही घाला, म्हणजे ब्रेकमध्ये ऑइल उसळून उथळ भागात जाणार नाही. पट्ट्यांच्या तळाशी कोपऱ्यांत २-३ मिमीची फट ठेवा, नाहीतर ऑइल बदलताना जुनं ऑइल कप्प्यांत अडकून राहतं.

पत्रा १६ गेज पुरतो, तळाला १४. वेल्डिंगआधी जुना चेंबर आतून-बाहेरून पूर्ण स्वच्छ हवा. जळलेलं ऑइल वेल्डमध्ये बुडबुडे सोडतं आणि तिथूनच पुढे झिरपतं. पोलादी चेंबर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून निघतो. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक लावू नका, धातूच खाऊन टाकतं. वेल्डिंग करताना फ्लॅन्ज भंगारातल्या ब्लॉकवर किंवा १० मिमी जाड प्लेटवर सगळ्या बोल्टनी आवळलेली असली पाहिजे. थोडं इथे, थोडं समोरच्या बाजूला असे टाके घालत जा आणि पूर्ण गार झाल्यावरच सोडा. मोकळा चेंबर वेल्ड केला तर फ्लॅन्ज पिळवटते, आणि ती गळती मग कुठल्याच पॅकिंगने थांबत नाही.

तपासणी जुन्या पद्धतीचीच उत्तम: वेल्डवर बाहेरून खडूची पेस्ट लावून वाळू द्या, आत केरोसीन किंवा डिझेल भरा, रात्रभर ठेवा. सकाळी खडू जिथे ओला दिसेल तिथे छिद्र आहे.

स्ट्रेनरची नळी लांब-आखूड करायची असेल तर आतला व्यास कुठेही कमी होऊ देऊ नका आणि जोड ब्रेझ करा. ही नळी खेचणाऱ्या बाजूची आहे. टाचणीएवढं छिद्र असलं तरी ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि गेजचा काटा विनाकारण थरथरतो. पंपाजवळ ओ-रिंग असेल तर नवी टाका, ऑइल लावून बसवा. लांब नळीला मेन कॅपच्या स्टडवरून एक पट्टीचा आधार द्या, नाहीतर थरथरीने जोडापाशी तडकते.

अंतरं मोजायला मळायची रंगीत माती, मुलांची, पुरते. स्ट्रेनरच्या तोंडावर तिचा गोळा ठेवा, चेंबर पॅकिंगसकट चार बोल्टवर लावा, काढा आणि माती किती जाड उरली ते मोजा. ८ ते १० मिमी आदर्श. ६ च्या खाली ऑइलचा प्रवाह घुसमटतो, १२ च्या वर उगाच ऑइल वाया ठेवल्यासारखं. विंडेज ट्रे आणि पट्ट्यांवरही माती लावा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टपासून ३ मिमी तरी हवेत. हे न करता इंजिन सुरू केलं की खालून टकटक ऐकू येते आणि सगळे बेअरिंग गेली म्हणून घाबरतात.

टर्बो डिझेल असेल तर टर्बोकडून परत येणारी ऑइलची नळी चेंबरला ऑइलच्या पातळीच्या वरच लागली पाहिजे, सतत उतरती, आतून किमान १६ मिमी. पातळीखाली जोडली तर ऑइल टर्बोत तुंबतं, सील सोडतं आणि निळा धूर निघतो.

डिपस्टिकची खूण नव्याने

चेंबरचा आकार किंवा इंजिनाचा कोन बदलला की जुनी खूण खोटी. गाडी सपाटीवर, इंजिन त्याच्या अंतिम कोनात. फिल्टर भरून, इंजिन थोडं चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा. ऑइलची पातळी क्रँकच्या वजनी भागांच्या फेऱ्यापेक्षा किमान २० मिमी खाली राहील एवढंच ऑइल भरायचं. हे अंतर चेंबर लावण्याआधीच फ्लॅन्जपासून मोजून ठेवा. लिटर मोजूनच ओता, तिथे डिपस्टिकवर कानशीने वरची खूण करा. मग एक लिटर काढा, खालची खूण करा. एकूण किती लिटर गेलं ते रंगाने बॉनेटच्या आत लिहा. पुढचा मेकॅनिक त्याच्या सवयीच्या आकड्याने भरणार आहे.

तरीही गळतो तेव्हा

आधी गळतं कुठून ते ठरवा. सगळं धुऊन, वाळवून टाल्कम पावडर मारा आणि वीस मिनिटं चालवा. मागच्या मेन सीलचं ऑइल बेलहाऊसिंगच्या आतून येतं आणि चेंबरच्या मागच्या कडेवरून ठिबकतं, म्हणून दोष चेंबरवर येतो.

पत्र्याच्या चेंबरची बोल्टची भोकं वर्षानुवर्षं आवळून आत दबलेली असतात. फ्लॅन्ज सपाट लोखंडावर उलटी ठेवून हलक्या हातोडीने ती सपाट केल्याशिवाय नवं पॅकिंग लावणं व्यर्थ. कॉर्कच्या पॅकिंगला एम६ बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरच्या वर आवळू नका. कॉर्क बाहेर फुगून फाटतं. मधून सुरुवात करून टोकांकडे, दोन फेऱ्यांत. सिलिकॉन फक्त चार कोपऱ्यांत, जिथे पुढचं टायमिंग कव्हर आणि मागची मेन कॅप ब्लॉकला भेटतात. ३ मिमीची रेघ बस. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून स्ट्रेनरच्या जाळीत जातं. ऑइल भरण्याआधी २४ तास थांबा.

एवढं करूनही दोन-तीन ठिकाणांहून ओलं होत असेल तर ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी वाट, बघा. इंजिन बदलताना ब्रीदरची नळी कुठे जोडायची हे न कळून बोल्ट मारून बंद केलेली बऱ्याच गाड्यांत सापडते. क्रँककेसमधला दाब मग चेंबरच्या पॅकिंगमधून वाट काढतो. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर सैल करा. ते उडू पाहत असेल तर दोष पॅकिंगचा नाही.

गार्ड आणि कागद

चेंबर गार्ड लावायचा तर ३ मिमी पत्र्याचा, चेसिसला बांधलेला, चेंबरपासून २० मिमी लांब. चेंबरला टेकलेला गार्ड धक्का तसाच वर पोचवतो. ड्रेन बोल्टखाली भोक ठेवा आणि चिखल साचणार नाही असे दोन-तीन झरोके. ड्रेन बोल्ट शक्यतो मागच्या किंवा बाजूच्या भिंतीत घ्या, तळातून खाली लोंबणारा नको; वॉशर दर वेळी नवा.

इंजिनाचे पैसे देण्याआधी आरटीओत (पुण्यात संगम पुलाजवळ) परवानगीचं विचारून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय चालत नाही, आणि इंजिन नंबर न जुळल्यास विम्याचा दावाही अडकतो.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर चेंबरचे बोल्ट एकदा हाताने तपासा, माउंटिंगचं रबर किती बसलं ते बघून क्रॉसमेंबरची फट परत मोजा आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळा. त्यात सिलिकॉनचे तुकडे किंवा वेल्डिंगचे मणी दिसले तर चेंबर उतरवून स्ट्रेनरची जाळी धुवा, मगच नवं ऑइल भरा.